मंगळवार, सव्वादोन

माझा आवाज कुणी ऐकला नाही कधी.
वेल्समधल्या चारशे शाळांनी
फक्त माझे हात ऐकलेत.
छत्री झपकन उघडली की खळ्यावरनं उडालेला पारवा,
पिठाची पुरचुंडी मुठीत दाबली
की बर्फातून गोठ्याकडे निघालेली पावलं,
जुन्या खुर्चीचं कुरकुरतं कातडं
म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू.

कार्डिफ. तळघरातला स्टुडिओ.
लाल दिवा लागला की खोकलासुद्धा गिळायचा.
दहा मिनिटं शेतीचा इतिहास,
सात मिनिटं कविता,
आणि मध्ये, जिथे दोन्ही एकमेकांना लाजतात,
तिथे तीन मिनिटं मी.

त्या दिवशी मळणी होती,
यंत्र येण्याआधीची, ओटची.
लांब काठीला चामड्याच्या वादीनं बांधलेलं आखूड दांडकं
डोक्यावरनं फिरवून कणसांवर आणायचं.
मी बंदरातली, कोळशाच्या धुरात वाढलेली,
खळं पाहिलेलं नाही.
उशी घेतली, कमरेचा पट्टा घेतला:
धप्, धप्, धप्, धप्.
काचेपलीकडून हेडलीनं अंगठा दाखवला.

नवव्या दिवशी पत्र. दुरेघी कागद,
शाईचं एक बोट कोपऱ्यात उमटलेलं.

"आमच्या शाळेचे शिपाई प्रॉसरकाका
कोळसा घेऊन वर्गात आले होते.
रेडिओ ऐकून त्यांनी बादली खाली ठेवली.
म्हणाले, हा माणूस मळणी करत नाहीये,
गालिचा झटकतोय.
मग बाकं सरकवली, दोन झाडू आणले,
एक टेगविनला दिला.
मळणी दोघांची असते. समोरासमोर.
एकाचं खाली तेव्हा दुसऱ्याचं वर,
नाहीतर डोकी फुटतात.
धप् नाही. धप्-ठक्, धप्-ठक्.
तेवढ्यात कविता झाली.
आम्हाला ऐकू आली नाही, माफ करा.
आपली, ग्वेन्नो, वय साडेनऊ."

आधी हसले.
मग कानाच्या पाळ्या तापल्या.
त्या रात्री सगळे गेल्यावर हेडली आणि मी,
केळ्यांच्या खोक्यातला पेंढा जमिनीवर पसरून,
दोन काठ्या, दोन वाद्या,
अकरा वाजेपर्यंत एकमेकांची बोटं ठेचत राहिलो.
आणि मग एकदम जमलं.
त्यानंतर थांबणंच अवघड गेलं.
वसंतात तो भाग पुन्हा लागला
तेव्हा कविता वाचणारे गृहस्थसुद्धा
नकळत आमच्या ठेक्यावर आले,
ओळीच्या मध्यावर श्वास घ्यायला लागले.

दुसरं पत्र लहान होतं.

"या वेळी काकांनी बादली खाली ठेवली नाही,
हातात धरूनच ऐकलं.
म्हणाले, बरंय. पण फार बरोबर आहे.
त्यांच्या समोर कायम त्यांचा भाऊ इमरिस असायचा.
त्याचा डावा खांदा घोड्यानं तुडवलेला,
त्याचा फटका जरा मागे राहायचा.
काका त्याच्यासाठी थांबायचे.
रेडिओवरचे दोघं
कुणासाठीच थांबत नाहीत.
कविता या वेळी ऐकली. आवडली, पण
तिच्यात उंदीर नव्हते. खळ्यात असतात."

उत्तर लिहिलं. टाकलं नाही.
काय लिहिणार, की पुढच्या वेळी थांबू?
पुढची वेळ नव्हतीच.
नव्या वर्षी अभ्यासक्रम बदलला:
लोकर, मेंढ्यांच्या खुणा, कातरणीची कविता.
मी कात्र्या वाजवल्या,
ओल्या पोत्याला मेंढीसारखं ओढलं.
बादलीवाल्या माणसाचा चेहरा
मला कधीच कळला नाही.
तो कान तेवढा ओळखीचा.

आता शनिवारी मागच्या अंगणात
दोरीवर गालिचा टाकते.
एक फटका मारते.
हात वर नेते, तिथेच धरते,
समोरच्याचा यायचा असतो.
जरा जास्तच.

कुंपणापलीकडून शेजारीण विचारते,
"दमलात का हो?"
नाही, म्हणते.
धूळ अजून खाली बसलेली नसते.